गाव इको सेन्सिटिव्ह यादीत गेलं तर घर बांधता येतं का? ग्रामपंचायती विरोध का करतात?

घर बांधता येतं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटातली गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील (इको सेन्सिटिव्ह) ठरवण्यासाठी काढलेल्या अधिसूचनेच्या मसुद्यात बंदी आहे ती खाणकाम, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक प्रकल्प, लाल वर्गातले (सर्वांत जास्त प्रदूषण करणारे) कारखाने आणि २०,००० चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामांवर. जुन्या घराची डागडुजी, वाढीव खोली, जमिनीची विक्री यांना मोकळीक आहे. तुम्ही लिहिलंय, गावात ‘कौल बदलायलाही दिल्लीची परवानगी लागणार’ असं सांगतात. अगदी हेच २०१८ साली मला भर ग्रामसभेत ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

तेव्हा मी सिंधुदुर्गातल्या घाटपायथ्याच्या एका गावची सरपंच होते. ऑक्टोबरात मसुदा निघाला, हरकतीला साठ दिवस. पंचायतीत हरकतीचा ठराव आला तोच टाइप होऊन, गावाच्या नावापुरती जागा मोकळी. आणून दिला माझ्या दिरांनी. त्यांचे दोन ट्रक चिऱ्याच्या खाणीवर. ‘वयनी, त्यात वाचूक काय आसा? सही करा.’

मी सही केली नाही. राजपत्र हिंदी-इंग्रजीत. हायस्कूलच्या एका मास्तरांना बसवून चार संध्याकाळी एकेक कलम मराठीत उतरवून घेतलं, आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचलं. एक आजोबा उठले, ‘बाय, माका माझो फणस तोडूक गावतलो काय?’ मी सांगितलं, फणसाला राज्याचा १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आधीपासूनच आहे, त्याचा आणि या मसुद्याचा संबंध नाही. कौलांचं, म्हणजे घराच्या डागडुजीचं कलम तर लोकांनी दोनदा वाचायला लावलं.

पण लोकांची भीती निराधार होती असं मी म्हणणार नाही. आमच्या जिल्ह्यात सातबाऱ्यावर वनसंज्ञेचा, म्हणजे जमीन वन मानल्याचा शेरा बसला की माणूस किती वर्षं खेटे घालतो, ते सगळ्यांनी पाहिलंय. आणि खाण बंद झाली तर ट्रकवाला, चिरे काढणारा, त्यांना जेवण देणारी बाई, सगळ्यांचीच कमाई जाते. चालू खाण पट्ट्याची मुदत संपेपर्यंत किंवा जास्तीत जास्त पाच वर्षांत बंद, एवढं मसुद्यात आहे. त्या माणसांनी पुढे काय करायचं, याला तिथे उत्तर नाही.

म्हणून आम्ही तो टाइप केलेला कागद बाजूला ठेवून आमचा ठराव लिहिला: बंधन मान्य, पण खर्च कोण देणार? जंगलाला घरपट्टी नसते. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांना करांचा वाटा देताना जंगलाला साडेसात टक्के वजन दिलं, पंधराव्याने दहा. तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. जंगल ज्या गावाच्या हद्दीत, त्या पंचायतीच्या जमाखर्चात त्यातली एक ओळसुद्धा माझ्या पाच वर्षांत दिसली नाही. पंचायतींनी विरोध करायचा तर यावर करावा. कौलांच्या अफवेवर केलेला विरोध खाणवाल्यांच्याच कामाचा.

पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये ग्रामसभांना विचारून हद्द ठरवा म्हटलं होतं. ते राहिलं, आणि २०१४ ते २०२४ सहा मसुदे निघाले. महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर त्यात आहेत. आमच्या ठरावाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर आलेलं नाही.

दीर आजही म्हणतात, वहिनींनी गावाला अडकवलं. भावजी हे वाचत असतील तर सांगते: ट्रक तुमचे होते, पण सही गावाची मागत होता.

एक राहिलं. तुमच्या सातबाऱ्यावर वनसंज्ञा असेल तर वरचं काही उपयोगाचं नाही, तो वेगळा विषय. अभयारण्याभोवतीच्या झोनची अधिसूचनाही वेगळी असते, तिचे नियम बांधकामाला जास्त कडक असू शकतात. आधी ३१ जुलै २०२४ च्या मसुद्याच्या यादीत गावाचं नाव शोधा. असेल तर कलमं मराठीत करून ग्रामसभेत वाचून घ्या, आणि कुणी तयार ठराव आणला तर सही त्यानंतर.