नदीकाठच्या सरकारी जागेवर स्टेडियम व्हावं की नको, हे कशावरून ठरवायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या मोकळ्या सरकारी जागेवर स्टेडियमची मागणी आहे, पेठेत दोन तट पडलेत, अमेरिकेतल्या ओकलंड शहराच्या बंदरावरच्या स्टेडियमचा वाद वाचून तुम्ही विचारताय की बरोबर कोण. बाजू घेण्याआधी त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची पातळी मिळवा. निम्मा वाद तिथंच मिटतो.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ च्या. पण हे फूट बंधाऱ्याच्या मोजपट्टीवरचे. पुरात नदीचं पाणी सगळीकडं एका पातळीत नसतं, वरच्या अंगाला ते उंच असतं. शिवाजी पुलाजवळच्या जागेला बंधाऱ्याचे फूट जसेच्या तसे लावले तर हिशेब चुकतो. म्हणून टोटल स्टेशन या सर्वेक्षणाच्या यंत्रानं जागेची मोजणी करून पातळी मीटरमध्ये घ्यायची आणि जलसंपदा विभागाच्या पूररेषा नकाशाशी ताडायची. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणारा. नकाशा कोणत्या सर्वेक्षणावरचा आहे तेही बघा. २०१९ च्या आधीचा असेल तर पहिला प्रश्न त्याच्यावरच विचारायचा.

राज्याची २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावली याबाबत स्पष्ट आहे. नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात बांधकामाला मनाई. बाग, हिरवळ, मोकळी जागा, पार्किंग, ओट्यांची भाजी मंडई, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र असल्या गोष्टी चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच. म्हणजे निळ्या रेषेच्या आत मैदान होऊ शकतं, स्टेडियम नाही. समर्थक या दोन्हींची गल्लत करतात. विरोधकही करतात: ‘नदीकाठी काहीच नको’ म्हटलं की ती जागा मोकळी राहत नाही, रात्री डंपर येऊन खरमाती टाकून जातात आणि वर्ष-दोन वर्षांत भराव आपोआप तयार.

खरी मेख या भरावातच आहे. समजा जागा १० एकर आहे आणि तीन मीटर उचलायची आहे. १० एकर म्हणजे सुमारे ४०,४७० चौरस मीटर. गुणिले तीन, म्हणजे सव्वा लाख घनमीटरच्या आसपास मुरूम. दाबल्यावर माल बसतो म्हणून २०-२५ टक्के जादा धरा. एका हायवा डंपरात १५ घनमीटर, तर जवळपास दहा हजार खेपा. या खेपांचा आणि मुरमाच्या रॉयल्टीचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. पुराचं तेवढंच पाणी आता कुठं जाणार, हे मात्र त्यात नसतं. भराव प्रवाहाच्या आडवा असेल तर वरच्या बाजूला फुगवटा येतो. प्रवाहाच्या कडेला असेल तर पाणी पसरायची जागा कमी होते. दोन्हीचा फटका दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली किंवा पलीकडच्या चिखली-आंबेवाडीला बसणार, जिथली माणसं महापुरात आधीच घर सोडून निघतात. शिरोलीजवळ महामार्गाच्या भरावावरून चाललेला वाद कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. म्हणून प्रकल्पवाल्यांकडं भरावासह आणि भरावाविना असं पुराचं गणिती प्रारूप मागा. ‘सल्लागारांनी पाहणी केली आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे.

आता जागा पुरते का ते. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर, कडेची मोकळीक धरून १२० बाय ८०. आठ लेनचा ४०० मीटर धावमार्ग सुमारे १७७ बाय ९३ मीटर. लांबी उत्तर-दक्षिण हवी, नाहीतर संध्याकाळच्या सामन्यात एका गोलरक्षकाच्या डोळ्यांत ऊन. काठावरच्या जागा नदीच्या वळणाप्रमाणं लांबट-तिरक्या असतात, आराखड्यात मैदान बसवलेलं असतं पण दिशा चुकलेली असते. त्यात धावमार्ग घुसडला की प्रेक्षक मैदानापासून लांब जातात. तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्याला गॅलरी मैदानाला चिकटलेली लागते, हे शाहू स्टेडियमवर बसलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

बाहेर पडण्याच्या वाटा याहून महत्त्वाच्या, आणि त्यांच्याकडं कुणी बघत नाही. स्टेडियमसाठी वापरल्या जाणाऱ्या ब्रिटिश ग्रीन गाइडच्या मापानं सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात आणि गर्दी आठ मिनिटांत बाहेर पडायला हवी. २०,००० प्रेक्षकांना म्हणजे साडेतीस मीटर निव्वळ रुंदी. जिना असेल तर त्याहून जास्त, कारण जिन्यावर हा वेग ६६ वर येतो. एका बाजूला नदी असल्यावर ही सगळी रुंदी उरलेल्या बाजूंना काढायची. निम्मे प्रेक्षक दुचाकीवर डबलसीट आले तरी ५,००० गाड्या. वाटेसकट गाडीला तीन चौरस मीटर धरले तर पावणेचार एकर नुसत्या पार्किंगला.

पूर ओसरल्यावर काय होतं तेही हिशेबात घ्या. गवताच्या मैदानावर गाळ बसतो. तो ओला असतानाच काढला तर गवत वाचतं, वाळून पापुद्रा धरला की नव्यानं लावावं लागतं. सिंथेटिक धावमार्ग खालून पाण्याचा दाब आला की फुगतो, सच्छिद्र थरात गाळ अडकतो, आणि खाली काळी माती असेल तर ती फुगून-आकसून तडे देते. गॅलरीखालच्या खोल्यांत ड्रेनेज उलटं येतं, तिथं परतझडप नसेल तर स्वच्छतागृहं पहिल्याच पुरात बाद. ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेल रूम लाल रेषेच्या वर नसेल तर फ्लडलाइट विसरा.

ओकलंडचं थोडक्यात: हॉवर्ड टर्मिनल ही बंदराची सुमारे ५५ एकर जागा, ३५,००० आसनांचं बेसबॉल मैदान आणि ३,००० घरं असा बेत. मालवाहतूकदारांचा विरोध होता. तरी जून २०२२ मध्ये खाडीच्या नियामक आयोगानं २३ विरुद्ध २ मतांनी ती जागा बंदर-वापराच्या राखीव यादीतून काढली. घोडं अडलं ते फाटकाबाहेर: शेजारून जाणारे रेल्वेरूळ, त्यांवरचा पूल, रस्ते आणि त्यांचा पैसा. एप्रिल २०२३ मध्ये ओकलंड ए’ज या बेसबॉल संघानं लास व्हेगासमध्ये जमिनीचा करार केला. तुमच्या वादातही हाच प्रश्न लागू पडतो: कुंपणाबाहेरचा रस्ता, नाल्यावरचा पूल, पाणी-वीज कोणाच्या खर्चानं? सागरी किनारा नियमन मात्र इथं लागू नाही. ते भरतीच्या पाण्यापुरतं. अर्जात ते कलम टाकलंत तर अर्ज कच्चा दिसतो.

कायद्यात सार्वजनिक जागा राखण्याच्या बाजूनं दोन निकाल आहेत. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ (१९९६): सरकार नदीकाठाचं मालक नाही, विश्वस्त आहे, बियासकाठच्या जमिनीचा हॉटेलला दिलेला पट्टा रद्द झाला. बेंगळुरू मेडिकल ट्रस्ट (१९९१): उद्यानाची राखीव जागा खासगी रुग्णालयाला देता येत नाही. यांचा अर्थ स्टेडियमच बेकायदा असा नाही. म्हणून करारात बघा: तळमजल्यावर गाळे किती, पट्टा किती वर्षांचा, आठवड्यातले किती तास पोरांना फुकट खेळायला, देखभाल कोण करणार. माझ्या मते गाळ्यांचं उत्पन्न हाच ज्या स्टेडियमचा पाया आहे, त्याला नदीकाठ देऊ नये.

कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये, ३० दिवस. मालमत्ता पत्रक, विकास आराखड्याचा भाग नकाशा, पूररेषा नकाशा, जलसंपदाचं ना-हरकत पत्र, प्रकल्प अहवाल, ठरावाची प्रत, हे सगळं नाव घेऊन मागा. आरक्षण बदलायचं असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली राजपत्रात नोटीस निघते आणि हरकतींना एक महिना मिळतो. बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटरच्या पुढं गेलं की पर्यावरण मंजुरीही लागते. प्रकरण हरित लवादाकडं गेलं तर पुण्याला, आणि तिथं साधारण सहा महिन्यांची मुदत असते. उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठायला नको, २०२५ पासून सर्किट बेंच इथंच आहे.

हरकत लिहिताना ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहू नका. सिटी सर्व्हे नंबर, पातळी, निळ्या रेषेपासूनचं अंतर आणि पर्याय लिहा: निळ्या रेषेच्या आत आहे त्याच पातळीवर गवताचं मैदान, काढता येणारे गोलपोस्ट, भराव नाही, गॅलरी, खोल्या आणि वीज लाल रेषेबाहेर. आवक शिक्क्याची प्रत ठेवा आणि सुनावणीला नकाशा सोबत न्या.