लिमिट्स कुठे आहेत?

प्रिय,

तुझा निरोप रात्री वाचला. "लॉग (१ + एक्स) भागिले (१ + एक्स वर्ग), याचं इंटिग्रल काय? दोन दिवस डोकं फोडतेय." सोबत ना लिमिट्स (इंटिग्रल कुठून कुठवर घ्यायचं त्या सीमा), ना तू केलेलं एखादं पान. मीही अर्धा तास कागद काळे केले, मग फोन केला, तर म्हणतेस कशी, "शून्य ते एक आहे, पण ते शेवटी घालायचंच ना!"

गाडं अडलं ते इथेच. लिमिट्सशिवाय याचं उत्तर साइन, लॉग, घातांक अशा नेहमीच्या फलनांत मांडताच येत नाही. अशी इंटिग्रल्स असतात हे लिउव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १८३० च्या दशकातच सिद्ध केलंय. म्हणजे दोन दिवस तू नसलेली वाट शोधत होतीस. शून्य ते एक म्हटलं की तेच गणित चार ओळींचं.

एक्सच्या जागी टॅन थीटा घाल. छेद उडतो, लिमिट्स शून्य ते पाय/४ होतात आणि उरतं लॉग (१ + टॅन थीटा). आता थीटाच्या जागी पाय/४ − थीटा घाल. कंसात काय उरतं ते तूच काढ, आयतं सांगणार नाही. मूळ इंटिग्रल उणे चिन्ह घेऊन परत येईल, त्याला डावीकडे ने. उत्तर पाय/८ गुणिले लॉग २ (लॉग अर्थात ई पायाचा), म्हणजे साधारण ०.२७२.

पडताळा हवाच. शून्य, अर्धा आणि एक, तीनच ठिकाणच्या किमती घेऊन सिम्पसनचा नियम (इंटिग्रलची अंदाजे किंमत काढायची रीत) लावला तर ०.२७४ येतं. मी हे आधीच करून ठेवतो. चिन्ह चुकलं तर लगेच पकडलं जातं. आणि हो, हेच इंटिग्रल २००५ च्या पुटनम या अमेरिका-कॅनडातल्या कॉलेज विद्यार्थ्यांच्या गणित स्पर्धेत आलं होतं, तेव्हा अडलीस म्हणून खट्टू होऊ नकोस.

पुढच्या वेळी प्रश्न जसाच्या तसा पाठव, आणि कच्चं पानही, खाडाखोडीसकट. नुसतं "सुटत नाही" वाचून मला काय कळणार? बाय पार्ट्स (गुणाकाराचं इंटिग्रल तुकड्यांनी काढायची रीत) केल्यावर टॅन इन्व्हर्स एक्स भागिले (१ + एक्स) आलं, ते आणखी किचकट दिसलं म्हणून पान फाडलंस म्हणे. ते पान चांगलं होतं गं. त्या उरलेल्या इंटिग्रलची किंमतही पाय/८ गुणिले लॉग २ च आहे. का, ते उद्या मला सांग.