एका वाचकाचा प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत बंगालचे चित्रकार चित्तप्रसाद यांचं छापचित्र सापडलं. सही नाही, क्रमांक नाही, म्हणून दुकानदार म्हणतो ‘नुसती कॉपी’. खरं आहे का?

त्याने दिलेलं कारण तरी साफ चूक आहे. ‘नुसती कॉपी’ ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

मी स्वतः लाकडावर कोरतो. दादाच्या वास्तुशांतीला मी त्याला आईचं छापचित्र दिलं होतं, पाट्यावर चटणी वाटणारी आई. सागवानी फळी गोल पटाशीने कोरलेली, आणि कागदाची पाठ चमच्याने घासून छापलेलं. पुढे तेच चित्र त्याने ताईकडे पाहिलं आणि भर पंगतीत म्हणाला, “मला झेरॉक्स दिलीस होय?” अरे, कसली झेरॉक्स! त्याच्या छाप्यात शाई पातळ बसलीय, म्हणून आईच्या पदरावर सागाच्या शिरा लख्ख उमटल्यात. ताईचा छापा ऐन पावसाळ्यातला. शाई दाट बसली, शिरा बुजल्या आणि पदर काळाभोर झाला. वरवंट्यावरची बोटं मात्र दोन्हीकडे तीच, माझ्या हाताने कोरलेली. त्या फळीवरून मी काढलेला प्रत्येक छापा अस्सलच.

आता चित्तप्रसाद. जन्म 1915, नैहाटीचा. 1943 च्या दुष्काळात बंगालमध्ये हिंडून त्यांनी भुकेली माणसं चितारली. त्यातून निघालेल्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. पुढे हा माणूस मुंबईत आला, अंधेरीला राहिला आणि लाकूड, लिनो (लिनोलियमचा मऊ, गुळगुळीत तुकडा) कोरत बसला. राबणाऱ्या पोरांवरची त्यांची लिनोचित्रं एकदा बघाच. ही छापचित्रं सामान्य लोकांसाठी होती, संग्राहकांसाठी नव्हे, म्हणून ते सहसा त्यांवर सही करत नसत, क्रमांकही घालत नसत. खाली ‘3/20’, म्हणजे विसातला तिसरा, असं लिहायचं आणि वीस छापे झाले की ठशावर, म्हणजे कोरलेल्या फळीवर, फुली मारायची, ही बाजाराची रीत. तिने भाव ठरतो, चित्राचा अस्सलपणा नाही. दादा, वाचत असशील तर हे तुलाही सांगतोय.

अर्थात सही नाही म्हणून ते चित्तप्रसादांचंच, असंही होत नाही. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते पुस्तकातलं नाहीतर मासिकातलं पान समजा. ठिपके नसले तरी लगेच हुरळू नका, कारण जस्ताच्या लाइन ब्लॉकवरून, म्हणजे चित्राच्या फोटोवरून बनवलेल्या धातूच्या ठशावरून, छापलेल्या चित्रातही ते नसतात. कागद उलटा करून तिरप्या उजेडात धरा. हाताने घासून काढलेल्या छाप्याच्या पाठीवर बऱ्याचदा घासल्याची चकाकी राहते. काळ्या भागात लाकडाच्या शिरा दिसल्या तर ठसा लाकडाचा असण्याची शक्यता मोठी. लिनोचा काळा सपाट येतो. कडा कापू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

एवढ्यावर निकाल लागणार नाही, जाणकार छापचित्रकाराला प्रत्यक्ष दाखवावंच लागेल. तोवर आजोबांकडे ते कुठून, कोणाकडून आलं, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून काढा. आणि त्या दुकानदाराला विकू नका.