ओपनस्कॅडमध्ये एकाच डब्याची बारा मापं कशी सांभाळायची?

ओपनस्कॅड म्हणजे कोड लिहून थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर. सेन्सरचा डबा एकच, मापं बारा, म्हणून तुम्ही बारा फाइली कॉपी केल्यात आणि आता झाकणातली एक चूक बारा ठिकाणी सुधारत बसलाय. मीही यातून गेले आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात असेच डबे आणि जिग (काम करताना भाग जागच्या जागी धरणारे साचे) थ्रीडी प्रिंट होतात.

बहुतेक जण कस्टमायझर, म्हणजे कोडला हात न लावता मापं बदलायचा फॉर्म, सुचवतील. २०१९पासून तो ओपनस्कॅडमध्येच आहे. मापं भरा, त्या संचाला म्हणजे प्रीसेटला नाव द्या, मॉडेलशेजारी मॉडेलच्याच नावाची जेसन फाइल तयार होते, प्रीसेट तिच्यात साठतात. कमांड लाइनवर लहान पी (-p) लावून ती फाइल आणि मोठा पी (-P) लावून प्रीसेटचं नाव दिलं की एसटीएल, म्हणजे प्रिंटसाठीची फाइल, हातात. चार-पाच मापांना हे पुरतं.

पण प्रीसेट फक्त बदललेली मापं साठवत नाही, कस्टमायझरमध्ये दिसणारी सगळीच साठवतो. आम्ही पीएलए प्लास्टिक सोडून पीईटीजी घेतलं तेव्हा झाकणाची फट मी स्क्रिप्टमध्ये ०.२ची ०.३५ मिमी केली. प्रीसेटमध्ये ०.२च राहिली होती. नवी मुंबईत महापेला चाळीस डबे पोचवले, एकाचंही झाकण बसेना. ती पोती घेऊन संध्याकाळी ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून ठाण्याला परत! तेव्हापासून फट, भिंतीची जाडी असली सामाईक मापं मी स्क्रिप्टच्या हिडन विभागात टाकते, म्हणजे ती कस्टमायझरमध्ये दिसत नाहीत आणि प्रीसेटमध्ये अडकत नाहीत.

मापं जास्त असतील तर माझी पद्धत वेगळी. मूळ फाइलमध्ये आकार आणि नेहमीची मापं. प्रत्येक डब्याची एक चिमुकली फाइल: पहिल्या ओळीत मूळ फाइल आत घेणारी इन्क्लूड (include) आज्ञा, खाली फक्त वेगळी असलेली मापं, म्हणजे रुंदी आणि उंची. इन्क्लूडच्या खाली लिहून काय उपयोग, असं वाटेल. पण ओपनस्कॅडमध्ये व्हेरिएबलला, म्हणजे नाव दिलेल्या मापाला, शेवटी दिलेली किंमत सगळीकडे लागू होते, अगदी वरच्या ओळींनाही. त्यामुळे रुंदीवरून काढलेल्या स्क्रूच्या जागा आपोआप सरकतात. त्या जागा मात्र सूत्रानेच काढा, आकडे हाताने भरलेत तर काहीच सरकणार नाही. इन्क्लूडऐवजी चुकून यूज (use) लिहू नका. त्याने मॉड्यूल आणि फंक्शन येतात, व्हेरिएबल येत नाहीत. माझी एक अख्खी दुपार त्यात गेली आहे.

एखादंच माप क्षणभर बदलून बघायचं असेल तर कमांड लाइनवर मोठा डी (-D) पुरे, त्यासाठी नवी फाइल नको.

मूळ फाइलमध्ये दोन-तीन असर्ट, म्हणजे अट मोडली तर काम थांबवणाऱ्या ओळी, टाकाच: भिंत १.२ मिमीपेक्षा पातळ नको, स्क्रूचं भोक कडेला चिकटायला नको. मी रात्री सगळ्या चिमुकल्या फाइली एका लूपमध्ये चालवून जाते. सकाळी ज्याची एसटीएल तयार नसते, त्या डब्याचं माप चुकलेलं असतं.