जुन्या बायबल-चित्राखाली ‘डॅलझिएल’ असं नाव आहे. चित्र कोणाचं, कसं छापलं आणि खरंच जुनं आहे का?

तुम्ही लिहिलंय की एका जुन्या पुस्तकातून सुटलेलं पान तुमच्याकडे आहे, त्यात अंधाऱ्या खोलीत एक बाई हातात मेणबत्ती घेऊन वाकून झाडते आहे आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘डॅलझिएल’ कोरलंय. हे चित्र लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातल्या हरवलेल्या नाण्याच्या दाखल्याचं, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेचं, असावं. दहा नाण्यांतलं एक हरवलं म्हणून दिवा लावून सगळं घर झाडून काढणारी ती बाई. चित्र काढलंय जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकाराने. डॅलझिएल ही लंडनमधल्या भावांची कोरीवकामाची पेढी. दुसऱ्या कोपऱ्यात मिलेच्या आद्याक्षरांची गुंफलेली खूण सापडते का, तेही पाहा.

या चित्रांची ऑर्डर डॅलझिएल बंधूंनी मिलेला 1857 साली दिली. ठरली होती 30 चित्रं, हातात आली 20, तीही सहा वर्षांत. मिलेने त्यांना पत्रातून कळवलं होतं की एरवीची चित्रं मी इतरांइतक्याच झपाट्याने काढतो, पण यातला एकेक दाखला डझनभर वेळा काढून पाहिल्याशिवाय माझं ठरत नाही. शेतात लपवलेल्या ठेवीचं चित्र तर लाकडावरच किमान सहा वेळा बदललं. पेढीने त्याला एवढा वेळ दिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वीसपैकी 12 चित्रं 1863 मध्ये ‘गुड वर्ड्स’ या मासिकात आली, तुमचं त्यांतलंच. मग 1864 हे साल घालून सगळी वीस चित्रं ‘द पॅरेबल्स ऑफ अवर लॉर्ड’ या नावाने रूटलेज कंपनीच्या पुस्तकात आली. चौकटीचं माप साधारण 14 × 11 सेंमी असतं. आधी पट्टी लावून तेवढं तपासा.

आता ‘कोणाचं’ याचं खरं उत्तर. ही छापचित्रं कागदावरच्या चित्रावरून उतरवलेली नाहीत. मिलेने थेट लाकडी ठोकळ्यावर, उलटं चित्र काढलं आणि कोरणाऱ्याने त्याच्या रेघांमधलं लाकूड काढून टाकलं. कोरता कोरता मूळ चित्र संपलं. तुम्हाला दिसते ती काळी रेघ मिलेने आखली, पण तिच्या दोन्ही कडा कोरणाऱ्याने ठरवल्या. म्हणून हे दोघांचं काम आहे, आणि ‘मिलेचं चित्र, डॅलझिएलने फक्त छापलं’ असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यातही ‘डॅलझिएल’ ही पेढीची सही. जॉर्ज, एडवर्ड, जॉन, टॉमस हे भाऊ, मार्गारेट ही बहीण आणि पगारी कारागीर, कोणीही कोरलं तरी खाली तेच नाव. त्यामुळे सहीवरून नेमका हात ओळखता येत नाही.

लाकूड बॉक्सवुडचं. खोड उभं चिरून फळी काढत नाहीत, आडवा काप घेतात, म्हणजे तंतूंची टोकं वर येतात. अशा पृष्ठभागावर हत्यार कुठल्याही दिशेला सारखंच चालतं आणि केसासारखी रेघ उभी राहते. उभ्या फळीवरच्या वुडकटमध्ये ते जमत नाही. ठोकळ्याची जाडी इंग्रजी छपाईतल्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, उंचीएवढी, 0.918 इंच म्हणजे 23.3 मिमी. त्यामुळे तो मजकुराच्या खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येई. या तंत्राचा मुद्रणाला सगळ्यात मोठा फायदा हाच होता, कारण एचिंगला, म्हणजे धातूच्या पत्र्यात आम्लाने कोरलेल्या चित्राला, वेगळा प्रेस आणि वेगळा फेरा लागतो. बॉक्सवुडचं झाड अतिशय सावकाश वाढतं, खोड बारीक राहतं, म्हणून मोठ्या चित्रांसाठी तुकडे जोडावे लागत. जुन्या साप्ताहिकांतल्या मोठ्या चित्रांमधून सरळ पांढरी बारीक रेष गेलेली दिसते, ती त्या सांध्याची.

ठोकळ्यावर चायनीज व्हाइट या पांढऱ्या रंगाचा अगदी पातळ हात देत. थर जाड झाला तर हत्याराखाली खपली निघते आणि तिच्याबरोबर चित्राची रेघही जाते. वर पेन्सिल, पेन, ब्रश. कोरणारा ठोकळा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवतो आणि वळणदार रेघेसाठी हत्यार न फिरवता ठोकळा फिरवतो. रेघांसाठी ब्युरिन, समांतर बारीक छटांसाठी टिंट टूल, मोकळी पांढरी जागा उपसायला स्कॉर्पर. रात्रीच्या कामाला दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवत, प्रकाश एका ठिपक्यावर गोळा व्हावा म्हणून.

अवघड भाग एकमेकींना छेदणाऱ्या काळ्या रेघांचा. एचिंगमध्ये चित्रकार सुईने दोन रेघा ओढतो, त्या आपोआप छेदतात. लाकडात मात्र त्या दोन रेघा शिल्लक ठेवायच्या असतात, म्हणजे मधला प्रत्येक इवलासा चौकोन तीन-चार फटकाऱ्यांत वेगळा उपसायचा. एक फटकारा लांबला की रेघ तुटली. जास्तीची रेघ काढून टाकणं सोपं. गेलेलं लाकूड परत आणायचं तर तिथे भोक पाडून बॉक्सवुडची खुंटी ठोकायची, ती घासून सपाट करायची आणि त्यावर पुन्हा चित्र, पुन्हा कोरणं. पहिले ठसे चित्रकाराकडे जात. तो त्यांवर पांढऱ्या रंगाने दुरुस्त्या दाखवून परत पाठवी, आणि ही ये-जा एकेका ठोकळ्याला अनेकदा चाले.

चित्रकाराला लाकडाची भाषा कळत नसेल तर काय होतं, याचं उदाहरण त्याच पेढीत आहे. चित्रकार रॉसेटीने 1855च्या सुमारास डॅलझिएलना दिलेल्या ठोकळ्यावर पेन्सिल, शाई, पातळ रंगाचे हात असं सगळं मिसळलं होतं. त्यातल्या छटेची रेघ कशी करायची हे कोरणाऱ्यालाच ठरवावं लागलं आणि निकालावर रॉसेटी नाराज झाला. मिले छटासुद्धा रेघांतच मांडी, म्हणून हे दाखले एवढे नेमके उतरले.

आता घरच्या घरी तपासणी. 10 पटीचं भिंग आणि एका बाजूने येणारा उजेड पुरे. आधी काळ्याकडे पाहू नका, रेघांमधल्या पांढऱ्या जागा पाहा. हाताने उपसलेले चौकोन एकसारखे नसतात. एखादा टोकदार, एखादा अर्धवट, कुठे छेदाजवळ रेघ किंचित तुटलेली. मग रेघेची कड पाहा. उठावाच्या छपाईत, म्हणजे वर उरलेल्या भागालाच शाई लागते अशा छपाईत, दाबाने शाई कडेला ढकलली जाते आणि रेघेच्या किनारीला गडद कडा येते. पान उलटं करून उजेडात तिरपं धरलं तर मागे थोडा उठाव जाणवू शकतो. मात्र छापल्यावर पानं दाबून सपाट करण्याची पद्धत होती, त्यामुळे उठाव नसला म्हणून पान नकली ठरत नाही.

भिंगाखाली समान अंतरावरचे ठिपके दिसले तर ती हाफटोन पद्धतीची नंतरची प्रत. शाई सगळीकडे सपाट आणि रेघेला कडाच नाही, तर ऑफसेट, म्हणजे सपाट पत्र्यावरून रबराच्या रुळामार्फत होणारी आधुनिक छपाई. घोटाळा होतो तो जस्ताच्या लाइन ब्लॉकमुळे, म्हणजे फोटोच्या मदतीने आम्लाने कोरलेल्या ठशामुळे. तीही उठावाचीच छपाई, कडा तशाच येतात. तिथे कागद आणि मागचा मजकूर पाहूनच ठरवावं लागतं. थेट लाकडावरून छापलंय की तांब्याच्या इलेक्ट्रोटाइपवरून, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. लाकडाचा मेणात साचा घेत, त्यावर शिशपेन्सिलीतलं ग्रॅफाइट फासत, तांब्याचं कवच चढवत आणि मागे शिशाचा मिश्रधातू ओतत. मोठ्या खपासाठी ठोकळा झिजू नये, तडकू नये म्हणून ही सर्रास पद्धत होती, आणि ठसा जवळजवळ सारखाच उमटतो.

याच विषयावरची दुसरी दोन नावं बाजारात भेटतील, त्यांच्याशी गफलत नको. फ्रेंच चित्रकार गुस्ताव दोरेच्या 1866च्या बायबलमधली चित्रंही लाकडावरचीच, पण तो ठोकळ्यावर बहुधा ब्रशने छटा रंगवी आणि त्यांच्या रेघा कोरणारा स्वतः तयार करी. म्हणून तिथे समांतर, फुगत-बारीक होत जाणाऱ्या रेघांचे करडे पट्टे दिसतात, आणि खाली पिसाँ किंवा पानमाकर अशी कोरणाऱ्यांची नावं. तिसो या फ्रेंच चित्रकाराने 1881 मध्ये उधळ्या पुत्राचा दाखला त्याच्या काळातल्या कपड्यांत मांडला, ती एचिंग्ज आहेत. चित्राभोवती धातूच्या पत्र्याची दबलेली चौकट उमटलेली असते.

तुमच्या चित्रात एक गोष्ट मुद्दाम पाहा. अंधाऱ्या दृश्यात शाई खूप, उजेडाची जागा इवलीशी. सगळीकडे सारखाच दाब पडला तर काळं फिकट येतं आणि नाजूक रेघा जाड होतात. म्हणून यंत्रावर दाबाच्या बाजूला गडद भागांच्या मागे पातळ कागदाचे कपटे थरांनी चिकटवत. दूरच्या वस्तूंवर दाब कमी पडावा म्हणून तिथे कोरण्याआधीच लाकूड किंचित खरवडून खाली घेत. घाईत छापलेल्या प्रतीत काळ्या जागा राखाडी, ठिपकेदार दिसतात आणि बारीक पांढऱ्या फटी शाईने बुजलेल्या असतात. तुमच्या पानावर मेणबत्तीजवळच्या बारीक रेघा मोकळ्या, सुट्या असतील तर ठसा चांगला आहे.

पडताळायला उत्तम जागा ब्रिटिश म्युझियम. डॅलझिएल पेढीने स्वतःच्या कामाचे ठसे चिकटवून ठेवलेले 49 आल्बम 1913 साली तिथे आले, त्यांत सुमारे 54,000 ठसे आहेत. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मिलेचे दाखले शोधा आणि तुमच्या पानाचा एकच कोपरा, म्हणजे केरसुणी धरलेला हात, रेघेला रेघ लावून जुळवा. पूर्ण चित्र जुळवायला गेलात तर नजर फसते. तोवर पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेट करू नका, तपकिरी डाग ब्लीचने काढू नका. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, उन्हापासून लांब, आडवं ठेवा.