रुग्ण खोळंबतात, फोन लागत नाही

प्रश्न : आमच्या दवाखान्यात दोन डॉक्टर आहेत. वेळ घेऊन आलेल्यांनाही ताटकळावं लागतं, तातडीच्या रुग्णाला त्याच दिवशी वेळ मिळत नाही. दारात दोन पायऱ्याही आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी मोजणी करा. दोन आठवडे, वारानुसार, किती जणांनी वेळ *मागितली* ते लिहा. परत पाठवलेलेही धरा. नुसते तपासलेले रुग्ण मोजले, तर खरी मागणी कळतच नाही.

उशिराचं मूळ बहुधा वेळापत्रकातच असतं. वेळ 10 मिनिटांची दिली आणि तपासणीला सरासरी 13 लागली, तर तेराव्या रुग्णापर्यंत 36 मिनिटं उशीर ठरलेलाच. दर चौथी जागा रिकामी ठेवा : तीन रुग्णांची 39 मिनिटं 40 मध्ये बसतात. रुग्ण कमी होतील ही भीती असते, पण जादा तास तुम्ही आजही बसताच आहात.

काही जागा त्याच दिवसासाठी राखा, मात्र सगळ्या सकाळी एकदम खुल्या करू नका. फोन तिथेच तुंबतो. निम्म्या जागा दुपारी खुल्या करा. जुन्याच औषधांची चिठ्ठी हवी असणाऱ्यांची रांग वेगळी करा.

पायऱ्या प्रत्येकी 15 सेंटीमीटर असतील तर चाकाच्या खुर्चीसाठीच्या 1:12 उताराला (1 सेंटीमीटर उंचीला 12 सेंटीमीटर लांबी) 3.6 मीटर लांबी लागते. दारापुढे दीड मीटर सपाट जागा हवीच, नाहीतर दार उघडताना चाकाची खुर्ची मागे घरंगळते.