अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या डिव्हिजन ३ मधला कोणता हंगाम आवर्जून वाचावा?

माझं उत्तर : २००३, मिनेसोटा राज्यातल्या सेंट जॉन्स विद्यापीठाच्या संघाचा. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, पोरं आवडीपोटी खेळतात. प्रशिक्षक जॉन गॅग्लियार्डी तेव्हा ७७ वर्षांचे. सरावात टॅकलिंगला, म्हणजे समोरच्याला धरून खाली पाडायला, मनाई, शिट्टी नाही, आणि खेळाडूंनी त्यांना ‘कोच’ न म्हणता सरळ ‘जॉन’ म्हणायचं! मला तर त्यांची हीच पद्धत सगळ्यांत भावते. नोव्हेंबरात बेथेलच्या संघाला २९-२६ हरवून त्यांनी प्रशिक्षक म्हणून कारकिर्दीतला ४०९वा विजय मिळवला आणि प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वाधिक विजयांचा विक्रम मोडला. अंतिम सामन्यात समोर माउंट युनियन, सलग ५५ सामने जिंकून आलेला संघ. त्यालाही सेंट जॉन्सने २४-६ असं लोळवलं. त्या हंगामात ते १४ सामने खेळले आणि चौदाही जिंकले.